सॉफ्टवेअरच्या दुरुस्ती आवृत्त्या आणि चाचणी

दुरुस्ती आवृत्ती म्हणजे आधी प्रकाशित झालेल्या सॉफ्टवेअरमधील दोष दूर करण्यासाठी काढलेली लहान आवृत्ती होय. तिच्यात सहसा नव्या सुविधा नसतात. आहे तेच सॉफ्टवेअर अधिक बिनचूक व सुरक्षित करणे एवढाच तिचा हेतू असतो. अशा आवृत्त्या वारंवार निघाल्या तर वापरकर्त्यांना दोषांचा त्रास कमी काळ सोसावा लागतो. परंतु प्रत्येक दुरुस्ती हा स्वतः एक बदल असल्यामुळे तिची पुरेशी चाचणी झाली नाही, तर तिच्यातूनच नवे दोष उद्भवण्याचा धोका असतो. दुरुस्ती किती लवकर पोहोचवावी आणि तिच्या चाचणीस किती अवधी द्यावा, हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील जुना प्रश्न आहे.

लिनक्स कर्नल, डेबियन, फायरफॉक्स, विंडोज इत्यादी मोठ्या प्रकल्पांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली आहेत. त्यांच्या अनुभवावरून असे दिसते की, वापरकर्त्याची सुरक्षितता केवळ चाचणीच्या दिवसांवर मोजता येत नाही. बदल केवढा आहे, तो कोणत्या परिस्थितीत तपासला गेला, प्रथम किती जणांना दिला गेला आणि चूक आढळल्यास मागे फिरण्याची सोय आहे का, या गोष्टींना दिवसांइतकेच किंबहुना अधिक महत्त्व असते.

संज्ञा आणि आवृत्ती क्रमांक

सॉफ्टवेअरमधील चुकीला ‘दोष’ किंवा रूढ भाषेत ‘बग’ म्हणतात. दोष दूर करणाऱ्या बदलाला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ अशी संज्ञा आहे. छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर आज्ञावली साठवल्या जात, त्या काळात चुकीचे छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून प्रत्यक्षच बुजवले जाई. त्यावरून हा शब्द रूढ झाला. पूर्वी नीट चालणारी एखादी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली, तर त्या बिघाडाला ‘रिग्रेशन’ म्हणतात. दुरुस्ती आवृत्तीच्या संदर्भात रिग्रेशन विशेष गंभीर मानले जाते, कारण वापरकर्त्याने ती आवृत्ती सुधारणेच्या अपेक्षेने घेतलेली असते.

अनेक प्रकल्प आवृत्तीचा क्रमांक तीन भागांत लिहितात. उदाहरणार्थ, २.४.७ या क्रमांकातील पहिला अंक मोठा बदल, दुसरा नव्या सुविधा आणि तिसरा केवळ दोषनिवारण दर्शवतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने या पद्धतीचे नियम लिहून ठेवले आहेत. त्यांनुसार केवळ तिसरा अंक बदलला असेल, तर जुन्या आवृत्तीवर विसंबून चालणाऱ्या इतर आज्ञावली पूर्ववत चालल्या पाहिजेत. मात्र हा क्रमांक केवळ निर्मात्याचा हेतू सांगतो. तो हेतू सफल झाला की नाही, हे चाचणीनेच कळते.

वारंवार प्रकाशनाची कारणे

दुरुस्ती त्वरित पोहोचवण्याचे सर्वांत प्रबळ कारण सुरक्षितता हे आहे. एखाद्या सुरक्षा त्रुटीवरील दुरुस्ती प्रकाशित झाली की जुन्या व नव्या आवृत्तींची तुलना करून ती त्रुटी नेमकी कोठे होती, हे हल्लेखोरांनाही शोधता येते. त्यामुळे प्रकाशनानंतरचा प्रत्येक दिवस दुरुस्ती न घेतलेल्या वापरकर्त्यासाठी अधिक धोक्याचा ठरतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका त्रुटीवर दुरुस्ती दिली होती. तिच्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे २०१७ रोजी, त्याच त्रुटीचा वापर करून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ज्या संगणकांवर ती दुरुस्ती बसवलेली नव्हती ते त्याला बळी पडले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले.

त्याच वर्षी अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती संस्थेतून सुमारे १४.७ कोटी लोकांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली. ज्या ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील त्रुटीचा चोरांनी फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. संस्थेच्या संबंधित यंत्रणेत ती बसवली गेली नव्हती. या दोन्ही घटनांत दुरुस्ती तयार होती, पण ती वापरकर्त्याच्या यंत्रापर्यंत वेळेत पोहोचली नाही.

दुसरे कारण कामाच्या सोयीचे आहे. एका आवृत्तीत पाच बदल असतील आणि काही बिघडले, तर दोषी बदल शोधणे सोपे असते. पाचशे बदल एकत्र आले तर तेच काम कठीण होते. शिवाय दोन आवृत्त्यांमध्ये फार अंतर असेल, तर पुढची संधी दूर असल्याने विकसक अखेरच्या दिवसांत अर्धवट तपासलेले बदलही घुसवू पाहतात. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीची ‘वुडी’ ही स्थिर आवृत्ती जुलै २००२ मध्ये, तर त्यानंतरची ‘सार्ज’ ही जून २००५ मध्ये निघाली. मधल्या जवळजवळ तीन वर्षांत स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना जुन्याच सॉफ्टवेअरवर भागवावे लागले. लवकर व वारंवार प्रकाशन करून वापरकर्त्यांनाच परीक्षणात सहभागी करावे, हा विचार एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये प्रथम सादर केलेल्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधामुळे विशेष प्रसिद्ध झाला. लिनक्सच्या आरंभीच्या विकासपद्धतीचे निरीक्षण हा त्या निबंधाचा आधार होता.

चाचणीचे स्वरूप आणि मर्यादा

चाचणी अनेक पातळ्यांवर होते. आज्ञावलीचा एकेक लहान घटक स्वतंत्रपणे तपासणे ही पहिली पातळी होय. त्यानंतर घटक एकमेकांशी जोडून तपासले जातात. पूर्वी सापडलेले दोष पुन्हा उद्भवले नाहीत ना, हे पाहण्यासाठी जुन्या चाचण्यांचा संच प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवला जातो. ही कामे संगणक आपोआप व काही मिनिटांत किंवा तासांत करू शकतो. अखेरच्या पातळीवर काही निवडक किंवा इच्छुक लोक ती आवृत्ती प्रत्यक्ष वापरून पाहतात. तिला ‘बीटा’ चाचणी म्हणतात. ही पातळी यंत्राच्या वेगाने चालत नाही. महिनाअखेरीचा हिशेब महिनाअखेरीसच होतो आणि वर्षातून एकदा लागणारी सुविधा वर्षातून एकदाच वापरली जाते. म्हणून काही दोष विशिष्ट काळ गेल्याखेरीज दिसतच नाहीत.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारासच असे दाखवून दिले होते की, चाचणीने दोष असल्याचे सिद्ध करता येते, नसल्याचे नव्हे. याचे एक कारण साध्या गणितात आहे. एखाद्या आज्ञावलीत चालू किंवा बंद करता येण्याजोग्या केवळ १० निवडी असल्या, तरी त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात. २० निवडी असल्यास ही संख्या १० लाखांच्या वर जाते. त्यांत निरनिराळी यंत्रे, भाषा, लिपी आणि शेजारी चालणारी इतर सॉफ्टवेअरे मिळवली, की सर्व परिस्थितींची चाचणी घेणे कोणत्याही संस्थेला अशक्य होते.

भारतीय लिप्यांच्या संदर्भात याचे एक ठळक उदाहरण फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसले. तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ हे जोडाक्षर पडद्यावर दाखवण्याचा प्रयत्न करताच आयफोनमधील संदेशांची आज्ञावली बंद पडत असे. अॅपलने त्याच महिन्यात ‘आयओएस ११.२.६’ ही दुरुस्ती आवृत्ती काढून हा दोष दूर केला. कोट्यवधी लोकांच्या रोजच्या वापरातील लिपीचे एक अक्षरही मोठ्या कंपनीच्या चाचणीतून निसटू शकते, हे या घटनेने दाखवले. चाचणी करणारे लोक आणि वापरणारे लोक यांच्या भाषा व सवयी जितक्या भिन्न, तितकी अशी निसटण्याची शक्यता अधिक असते.

दुरुस्तीतूनच नवा दोष येण्याचे प्रमाणही नगण्य नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात, एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते असा अंदाज मांडला होता. त्यानंतर साधने पुष्कळ सुधारली आहेत. तरीही दुरुस्ती करणारा बहुधा घाईत असतो, त्याला मूळ रचना पूर्ण ठाऊक असतेच असे नाही आणि एका ठिकाणच्या बदलाचे परिणाम दूरच्या भागात उमटतात, ही त्यामागील कारणे आजही तशीच आहेत.

डिसेंबर २०२३ मधील लिनक्स कर्नलची घटना

वेग आणि चाचणी यांच्यातील ताण समजून घेण्यासाठी लिनक्स कर्नलचे उदाहरण उपयोगी आहे. कर्नल म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि इतर आज्ञावली यांच्यामध्ये राहून काम करणारा प्रणालीचा गाभा. लिनक्स कर्नलची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे ९ ते १० आठवड्यांनी निघते. त्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांतच नवे बदल स्वीकारले जातात आणि उरलेला काळ दर आठवड्याला एक परीक्षण आवृत्ती काढून दोष शोधण्यात जातो. प्रकाशित आवृत्त्यांमधील दोष दूर करण्यासाठी २००५ पासून ‘स्थिर’ शाखा चालवल्या जातात. त्यांच्या दुरुस्ती आवृत्त्या बहुधा दर आठवड्याला निघतात. प्रकाशनापूर्वी बदलांची यादी परीक्षणासाठी जाहीर होते आणि आक्षेप नोंदवण्यास सामान्यतः ४८ तास मिळतात.

स्थिर शाखेचे नियम कडक आहेत. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत स्वीकारली गेलेली असावी, ती उघडच बरोबर व तपासलेली असावी, संदर्भाच्या ओळी धरून ती १०० ओळींपेक्षा मोठी नसावी आणि तिने लोकांना खरोखर त्रास देणारा दोष दूर करावा, अशी अपेक्षा असते. तरीही नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निघालेल्या ६.१.६४ या आवृत्तीत एक गंभीर दोष शिरला. ‘एक्सटी४’ या फाइल प्रणालीतील एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून या जुन्या शाखेत घेण्यात आली. ती दुरुस्ती कर्नलच्या दुसऱ्या भागातील आधीच्या एका बदलावर अवलंबून होती. नव्या कर्नलमध्ये तो बदल होता, ६.१ या शाखेत नव्हता. परिणामी विशिष्ट पद्धतीने लेखन करताना फाइलमधील स्थानाची नोंद चुकून माहिती खराब होण्याची शक्यता निर्माण झाली.

याच सुमारास डेबियन १२ या स्थिर आवृत्तीचे १२.३ हे नियमित अद्यतन ९ डिसेंबर २०२३ रोजी प्रकाशित व्हायचे होते आणि त्यात हेच कर्नल समाविष्ट होते. दोष ध्यानात येताच डेबियनने त्या दिवशीचे प्रकाशन थांबवले, वापरकर्त्यांना तूर्त अद्यतन न करण्याची सूचना दिली आणि ज्यांचे संगणक आपोआप अद्यतन घेतात त्यांना विशेष सावध केले. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबर रोजी, दुरुस्त केलेल्या ६.१.६६ या कर्नलसह १२.४ हे अद्यतन प्रकाशित झाले.

या घटनेत मूळ दुरुस्ती चुकीची नव्हती. ज्या शाखेसाठी ती लिहिली गेली, तेथे ती योग्यच होती. चूक झाली ती दुरुस्ती आणि तिच्या नव्या परिसराच्या जुळणीत. म्हणून एका ठिकाणी तपासलेली दुरुस्ती दुसऱ्या शाखेत नेताना तिची चाचणी तेथे पुन्हा घ्यावी लागते. तसेच ज्या वेगामुळे दोष पसरला, त्याच वेगामुळे त्याची दुरुस्ती लोकांपर्यंत अल्पावधीत पोहोचली, ही बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. प्रकाशनाची व्यवस्था संथ असती, तर सदोष कर्नल कदाचित वेळीच अडवले गेले असते. पण जे संगणक त्याच्या तावडीत सापडले होते, त्यांची सुटका होण्यासही अधिक काळ लागला असता.

चाचणी अपुरी पडण्याच्या इतर तऱ्हा

केवळ थांबणे म्हणजे चाचणी नव्हे, हे डेबियनच्याच एका जुन्या घटनेवरून दिसून येते. २००६ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सांकेतिक सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधील दोषसूचना टाळण्यासाठी डेबियनच्या आवृत्तीत एक लहान बदल करण्यात आला. त्या बदलाने यादृच्छिक संख्या निर्माण करण्यासाठी लागणारे बहुतेक सारे साहित्य नकळत काढून टाकले. त्यामुळे एका प्रकारच्या व लांबीच्या गुप्त किल्ल्या केवळ ३२,७६८ च्या आसपास संभवू लागल्या आणि त्या एकेक करून ताडून पाहणे संगणकाला अगदी सोपे झाले. मे २००८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. मधल्या काळात ती आवृत्ती परीक्षणाच्या नेहमीच्या सर्व टप्प्यांतून जाऊन असंख्य संगणकांवर चालत होती. बाह्यतः काहीच बिघडलेले नसल्यामुळे तिच्या वापरकर्त्यांना तक्रारीचे कारणच दिसले नाही. अशा दोषांसाठी प्रतीक्षेपेक्षा जाणकारांनी बदल वाचून तपासणे अधिक उपयोगी पडते.

विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ मधील अद्यतन २ ऑक्टोबर रोजी खुले झाले. काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फाइल नाहीशा झाल्याच्या तक्रारी आल्यामुळे चार दिवसांत त्याचे वितरण थांबवावे लागले आणि १३ नोव्हेंबर रोजी ते पुन्हा सुरू झाले. हा एका मोठ्या आवृत्तीचा प्रसंग असला, तरी त्यातील बोध दुरुस्ती आवृत्त्यांनाही लागू पडतो. पूर्वपरीक्षणात भाग घेतलेल्या काही लोकांनी अशा तक्रारी आधीच नोंदवल्या होत्या; हजारो अभिप्रायांच्या गर्दीत त्यांचे गांभीर्य ओळखले गेले नव्हते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने अभिप्राय नोंदवतानाच दोषाची तीव्रता कळवण्याची सोय केली.

१९ जुलै २०२४ रोजीची क्राउडस्ट्राइकची घटना याहून व्यापक होती. या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला नवे हल्ले ओळखता यावेत म्हणून माहितीच्या लहान फाइल वारंवार पाठवल्या जात. त्या दिवशी पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंपनीने ती फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर बंद पडलेले अनेक संगणक प्रत्यक्ष जागेवर जाऊन दुरुस्त करावे लागले. जगभरातील विमानसेवा, बँका व रुग्णालये यांना फटका बसला. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. मूळ आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्या केव्हा घ्यायच्या हे ग्राहकांना ठरवता येत असे, परंतु या माहिती फाइल सर्वांना जवळजवळ एकाच वेळी पोहोचत. घटनेनंतर कंपनीने त्या फाइलही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे धोरण स्वीकारले.

समतोल साधण्याच्या पद्धती

बदल लहान ठेवणे ही सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत आहे. दुरुस्ती आवृत्तीत नवी सुविधा मिसळू नये, हा नियम बहुतेक मोठ्या प्रकल्पांत पाळला जातो. बदल लहान असला की तो वाचून तपासता येतो आणि काही बिघडल्यास तेवढाच मागे घेता येतो.

दुसरी पद्धत सक्तीच्या प्रतीक्षेची आहे. डेबियनमध्ये नवे सॉफ्टवेअर प्रथम ‘अनस्टेबल’ या विभागात येते. तेथे गंभीर दोष न आढळल्यास तातडीनुसार साधारणपणे २, ५ किंवा १० दिवसांनी ते ‘टेस्टिंग’ या विभागात जाते. उबुंटूच्या स्थिर आवृत्तीसाठीची दुरुस्ती प्रथम ‘प्रपोज्ड’ या स्वतंत्र विभागात किमान ७ दिवस ठेवली जाते आणि मूळ दोष खरोखर दूर झाला का, हे कोणीतरी तपासून नोंदवावे लागते. या दोन्ही ठिकाणी प्रतीक्षेला निश्चित काम नेमून दिलेले आहे. कोणी वापरलेच नाही, तर ते दिवस वाया जातात.

तिसऱ्या पद्धतीत एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक वाहिन्या चालवल्या जातात. गूगल क्रोमच्या ‘कॅनरी’, ‘डेव्ह’, ‘बीटा’ आणि ‘स्टेबल’ अशा चार वाहिन्या आहेत. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. त्यावरून पहिल्या वाहिनीला ते नाव मिळाले. धोका पत्करण्याची तयारी असलेले लोक पहिल्या वाहिन्या निवडतात आणि त्यांच्या अनुभवाचा लाभ शेवटच्या वाहिनीतील बहुसंख्यांना होतो. फायरफॉक्सने २०११ मध्ये सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्यास सुरुवात केली, तेव्हा शाळा, महाविद्यालये, कंपन्या व सरकारी कार्यालये अडचणीत आली, कारण एका आवृत्तीची तपासणी पूर्ण होईपर्यंत दुसरी दारात उभी राही. त्यांच्यासाठी २०१२ मध्ये दीर्घकालीन शाखा सुरू करण्यात आली. तिच्यात सुमारे वर्षभर केवळ सुरक्षा व महत्त्वाच्या दोषांच्या दुरुस्त्या येतात.

चौथी पद्धत टप्प्याटप्प्याने वितरण करण्याची होय. नवी आवृत्ती प्रथम एखाद्या टक्क्याएवढ्या वापरकर्त्यांना दिली जाते, बिघाडाच्या नोंदींवर लक्ष ठेवले जाते आणि सर्व ठीक असल्यास हे प्रमाण वाढवत नेले जाते. मोबाइल अॅपच्या वितरणात तसेच उबुंटूच्या अद्यतनांत ही पद्धत वापरली जाते. चूक आढळल्यास वितरण थांबवता येते. मात्र ज्यांना ती आवृत्ती आधीच मिळाली, त्यांचे नुकसान त्यामुळे भरून निघत नाही. म्हणून जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सोय ही या पद्धतीची आवश्यक जोड आहे. लिनक्सच्या अनेक वितरणांत नवे कर्नल बसवल्यावरही जुने काही काळ ठेवले जाते, ते याच कारणासाठी.

पाचवी पद्धत निश्चित दिवसाची आहे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा दुरुस्त्या एकत्र प्रकाशित करते. त्यामुळे संस्थांच्या संगणक विभागांना चाचणीसाठी माणसे व वेळ आधीच राखून ठेवता येतो. तातडीच्या प्रसंगी मात्र या दिवसाची वाट न पाहता स्वतंत्र दुरुस्ती दिली जाते. अशा अपवादाची गरज ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ या त्रुटीच्या वेळी सर्वांना जाणवली. ७ एप्रिल २०१४ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही निघाली, कारण दूरच्या सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती वाचू देणारी त्रुटी उघड झाल्यावर थांबणे हाच मोठा धोका होता.

विरळ प्रकाशनाचा मार्ग

सर्वच सॉफ्टवेअरला वारंवार दुरुस्ती लागते असे नाही. डॉनल्ड कनूथ यांची ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९० च्या सुमारास कनूथ यांनी तिच्यात नव्या सुविधा घालणे थांबवले. तेव्हापासून केवळ दोष दूर केले जातात आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’ या गणिती स्थिरांकाच्या एका अंकाने जवळ जातो. २०२१ मधील आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. दोषांच्या नोंदी इतरांनी आधी पारखलेल्या असतात आणि कनूथ स्वतः त्या कित्येक वर्षांनी एकदा पाहतात. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक ‘पाय’ इतकाच करावा आणि उरलेले दोष प्रणालीची वैशिष्ट्ये मानावीत, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

हा मार्ग टेकला साधतो, कारण तिची व्याप्ती मर्यादित व स्थिर आहे आणि दहा वर्षांपूर्वीचा लेख आजही अगदी तसाच छापला जावा, ही तिच्या वापरकर्त्यांची मुख्य अपेक्षा आहे. जालावरील अनोळखी मजकूर सतत हाताळणाऱ्या न्याहाळकाला असे थांबणे परवडणार नाही. प्रकाशनाचा योग्य वेग सॉफ्टवेअरच्या स्वरूपाप्रमाणे आणि न दुरुस्त केलेल्या दोषाच्या किमतीप्रमाणे बदलतो.

वापरकर्त्यांवरील भार

प्रकाशन आणि चाचणी यांच्या समतोलाचा विचार बहुधा निर्मात्यांच्या बाजूने होतो. प्रत्यक्षात त्याची किंमत वापरकर्त्यांना द्यावी लागते. प्रत्येक अद्यतनासाठी वेळ, विदा आणि लक्ष खर्च होते. अद्यतने फार वारंवार आली किंवा एखाद्या अद्यतनाने काम बिघडवले, तर लोक ती पुढे ढकलू लागतात अथवा बंदच करतात. मग जी सुरक्षा दुरुस्ती खरोखर तातडीची असते, तीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अपुऱ्या चाचणीचा हा दूरगामी परिणाम होय. एका सदोष आवृत्तीने गमावलेला विश्वास पुढच्या अनेक चांगल्या आवृत्त्यांना भोवतो.

यावर उपाय म्हणून काही प्रकल्प सुरक्षा दुरुस्त्या इतर दुरुस्त्यांपासून वेगळ्या ठेवतात. डेबियनमध्ये सुरक्षा अद्यतनांचा स्वतंत्र विभाग असून ती अद्यतने त्वरित दिली जातात, तर इतर दुरुस्त्या साधारणपणे दोन महिन्यांनी एकत्र येतात. कोणती आवृत्ती का निघाली, तिने काय बदलले आणि कोणते दोष अजून शिल्लक आहेत, हे साध्या भाषेत लिहिलेल्या प्रकाशन टिपणातून कळवणेही महत्त्वाचे असते. केवळ ‘किरकोळ सुधारणा’ असे लिहिलेल्या टिपणावरून थांबावे की लगेच अद्यतन करावे, हे कोणालाही ठरवता येत नाही.

परीक्षण आवृत्ती वापरणाऱ्या स्वयंसेवकांचा वाटा यात मोठा असतो. त्यांच्या नोंदीत आवृत्तीचा क्रमांक, यंत्राचा प्रकार, दोष पुन्हा घडवून आणण्याचा क्रम आणि झालेले नुकसान यांचा उल्लेख असेल, तर तिचा उपयोग लगेच होतो. देवनागरीसारख्या लिपीतील जोडाक्षरे, शब्दांची वर्णक्रमानुसार मांडणी, देवनागरी अंक यांविषयीचे दोष ती लिपी रोज वापरणाऱ्यांनाच सहज दिसतात. लिबरऑफिससारख्या, मराठी अनुवाद उपलब्ध असलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परीक्षण आवृत्त्या कोणालाही उतरवून घेता येतात आणि त्यांतील दोष कळवता येतात. मात्र महत्त्वाची कागदपत्रे असलेल्या एकमेव संगणकावर अशी आवृत्ती बसवणे योग्य नव्हे. स्थिर आवृत्तीचे अद्यतन घेतानाही कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असावी. विंडोजच्या २०१८ मधील घटनेत ज्यांच्याकडे अशी प्रत होती, त्यांना आपल्या फाइल परत मिळवण्यासाठी निर्मात्याच्या पुढील दुरुस्तीची वाट पाहावी लागली नाही.